निजाले परवानगी, बसाले नाई

जगात झोपेतून न उठणारी माणसं पुष्कळ असतील, पण एकदा रीतसर विचारून टेकलेल्या जागेवरून ज्याला कलेक्टर, अवकाळी पाऊस, दावं तोडलेला गोऱ्हा आणि सख्खी बायको यांपैकी कुणालाही उठवता आलेलं नाही, असा इसम अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला मी ताई म्हणतो, आणि ताई साडभाऊंना जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिसोडहून रिठदकडे निघालं की रस्त्याला लागूनच त्यांचं वावर आणि वावरातच घर आहे. वांगी, मेथी, दोडके, कोबी असला भाजीपाला ते पिकवतात आणि बाजाराच्या दिवशी स्वतः रिसोडला आणून विकतात. लोक त्यांना अडेलतट्टू म्हणतात. म्हणोत बापडे. माझं कापडाचं दुकान आहे. कापड फाडून झाल्यावर घरी फोन करून रंग बदलून मागणारी माणसं मी रोज पाहतो. एकदा ठरवलं की ठरवलं असा माणूस दिसला की मला बरं वाटतं.

यात 'विचारून' हा शब्द महत्त्वाचा आहे. साडभाऊ न विचारता कुठेही बसत नाहीत. एसटीत रिकाम्या सीटवर बसण्यापूर्वी शेजारच्याला विचारतील, देवळाच्या पायरीवर बसण्यापूर्वी पुजाऱ्याला विचारतील, आणि पुजारी नसेल तर आत डोकावून थेट देवाला. पण एकदा 'हौ' मिळालं की सकाळपर्यंत ती जागा त्यांची. एकदा आमच्या एका नातेवाइकाला दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री सोबतीला साडभाऊ. त्यांनी गडबडीत असलेल्या नर्सबाईंना विचारलं, "ते खाट खाली हाय, पडू काय?" बाई दुसऱ्या पेशंटला सलाईन लावत होत्या, त्या "हं" म्हणाल्या. पहाटे तीच बाई उठवायला आली, तर साडभाऊ म्हणाले, "बाई, तुमीच हौ म्हनलं. अजून उजाडलं कुठं?" तेवढ्यात डॉक्टर आले आणि खाटेवर माणूस दिसला म्हणून त्यांनी साडभाऊंचं ब्लडप्रेशर मोजलं. ते इतकं चांगलं निघालं की डॉक्टरांनी तिथल्या तिथे डिस्चार्ज दिला. कामरगावच्या एका लग्नात तर कहरच झाला. हॉलवाल्याने "सकाळपर्यंत झोपा" म्हटलेलं होतं, आणि नंतर त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या दिवशीचं वऱ्हाड पहाटेच येणार आहे. आमची सगळी मंडळी जीपमध्ये कोंबून निघाली. साडभाऊ राहिले. उजाडल्यावर पाहतात तो भोवती निराळंच लग्न! मुलाकडच्यांना वाटलं मुलीचे काका, मुलीकडच्यांना वाटलं मुलाचे मामा. दोन्ही बाजूंनी टोपी-टॉवेल घेऊन, नाश्ता करून, अक्षता टाकून ते दुपारी घरी आले.

दुसरी त्यांची खोड भाकरीची. कुणाच्याही घरी गेले की चुलीपाशी जाऊन विचारायचं, "भाकर दोन्ही अंगानं भाजली काय?" माझ्या बायकोला सुरुवातीला याचा फार राग यायचा. वीस माणसांचा स्वयंपाक सहज उरकणारी बाई ती, तिला कुणी भाकरी शिकवायची! पण ते शिकवत नसत. नुसतं पाहत. तव्यावरची भाकरी विस्तवावर गेली, टम्म फुगली की मान हलवून बाहेर येत आणि मग गरम मिळो की गार, तक्रार नाही.

आता त्यांच्या वावरातली गोष्ट सांगतो, कारण सगळं रामायण शेवटी तिथेच आलं. रस्त्याकडेला कडुनिंबाखाली त्यांनी एक तुकडा कायमचा पडीक ठेवला आहे. ती जागा वाटसरूंच्या मुक्कामाची. उन्हाळ्यात मेंढरंवाले धनगर उतरतात, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं उतरतात, मधल्या काळात कुणाची गाडी बिघडते. साडभाऊंच्या घराण्यात मुक्काम मांडायची एक रीत आहे आणि ती त्यांच्या लेखी सातबाऱ्यापेक्षा मोठी आहे. आधी मालकाला विचारायचं. मग जागा झाडायची, पाण्याचा शिंतोडा मारायचा, तीन दगड मांडायचे आणि चूल पेटवायची. चूल पेटली की ती जागा सकाळपर्यंत मुक्काम्याची. मग मालकानेसुद्धा उठ म्हणायचं नाही. त्यांच्या पोराला हे पटत नसे. पोरगा शिकलेला, कष्टाळू, वाईट मुळीच नाही. पण प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यालाच वेचाव्या लागत आणि मुक्कामी मंडळी जाताना चार वांगी तोडून नेत ते त्यालाच दिसे. "बाबा, हे आपलं वावर होय का धर्मशाळा?" असं तो विचारी. साडभाऊ म्हणत, "दोनी." तारेचं कुंपण घालून, फाटक बसवून तिथे ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकायचं असं पोराच्या मनात होतं, आणि बाप जिवंत असेतो ते होणार नाही हे सगळ्या रिसोड तालुक्याला माहीत होतं.

अशात जर्मनीहून लेकीचा फोन आला. लेक आणि जावई तिकडे नोकरीला आहेत. त्यांनी उन्हाळ्यात आईबाबांना बोलावलं आणि फिरायला मोटारहोम घेतलं, म्हणजे आत पलंग, ओटा, संडास सगळं असलेली गाडी. साडभाऊंनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "हे तं आपली बंडीच होय. फक्त बैल पोटात हायेत." झालं, बंडी, म्हणजे बैलगाडी, म्हटल्यावर मुक्काम आला, आणि मुक्काम आला म्हटल्यावर साडभाऊंचं राज्य सुरू झालं. जावई बिचारा नियमाचा माणूस. त्या देशात गाडी कुठेही लावून झोपता येत नाही. कुठे चालतं, कुठे चालत नाही, कुठे फक्त एकच रात्र चालतं, हे दाखवणारं ॲप त्याच्या फोनमध्ये होतं. तो ॲप पाहून जागा ठरवी आणि साडभाऊ विचारीत, "मालकाले ईचारलं काय?"

"बाबा, ॲपमध्ये दिलंय ना, इथं परवानगी आहे."

"पन ॲप मालक हाय काय? उद्या कोनी आलं अन् उठा म्हनलं तं ॲप येईन काय भांडाले?"

हे सगळं मला ताईंनी फोनवर सांगितलं. साडभाऊ स्वतःच्या पराक्रमाबद्दल कधी बोलत नाहीत. ताई मात्र रोज बोलतात आणि घरातले सगळे फोनभोवती गोळा होऊन ऐकतात. तर एका संध्याकाळी त्यांनी एका तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. ॲपप्रमाणे तिथे एक रात्र झोपायला हरकत नव्हती. आजूबाजूला तशाच पांढऱ्या गाड्या उभ्या, सगळ्यांची दारं बंद, बाहेर चिटपाखरू नाही. मालक कोण ते कळेना, तेव्हा साडभाऊंनी तळ्यालाच हात जोडून विचारून घेतलं. मग बॅगेतून शिंदीची झाडणी काढली. ही झाडणी त्यांनी रिसोडहून नेली होती. विमानतळावर तिची दोनदा तपासणी झाली होती. त्यांनी गाडीपुढची फरशी झाडली, पाण्याचा शिंतोडा मारला, तळ्याकाठचे तीन दगड आणून मांडले. जाळ करू देणार नाही असं जावयाने पाया पडून सांगितल्यामुळे तीन दगडांच्या मध्ये गॅसची छोटी शेगडी ठेवायची तडजोड झाली. चटई अंथरली, घडीच्या खुर्च्या मांडल्या, ताईंनी पीठ मळायला घेतलं. मुक्काम कसा अगदी कायदेशीर झाला. निदान वाशीम जिल्ह्याच्या कायद्याने.

तेवढ्यात सायकलवरून तिथल्या नगरपालिकेचा माणूस आला. माणूस नम्र होता. त्याने हसून सांगितलं की गाडीत खुशाल झोपा, पण खुर्च्या, चटई, शेगडी बाहेर मांडलीत की त्याला तळ ठोकणं म्हणतात, आणि तळ ठोकायला इथे मनाई आहे. म्हणजे बघा, जी रीत केल्याने रिसोडात माणसाला कुणी उठवू शकत नाही, नेमकी तीच केल्याने तिथे उठवतात! जावयाने घाबऱ्या घाबऱ्या सगळं मराठीत सांगितलं. साडभाऊंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निजाले परवानगी, बसाले नाई? हे कोनतं राज्य होय बाप्पा?"

"आवं, उठा ना," ताई म्हणाल्या. "पोरीले तरास होईन."

लेकीचा चेहरा उतरला होता. तो साडभाऊंनी पाहिला. ताई सांगत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा ते चटईवरून आपण होऊन उठले. खुर्च्या मिटल्या, दगड तळ्याकाठी नेऊन ठेवले. सगळ्यांना वाटलं, संपलं. आणि मग ते जावयाला म्हणाले, "आता ईचार त्याले, उभं राह्याले मनाई हाय काय?"

तो माणूस विचारात पडला. त्याने फोन काढून काहीतरी वाचलं, पुन्हा वाचलं आणि कबूल केलं की उभं राहण्याविरुद्ध नियम नाही. "मंग मी उभा हावो," साडभाऊ म्हणाले आणि झाडून ठेवलेल्या त्या फरशीवर, शिंतोडा मारलेल्या जागेच्या बरोबर मधोमध, हात मागे बांधून उभे राहिले. ताईंनी भाकऱ्या आत गाडीत केल्या. त्यांच्या धुराने आत छताला लावलेला धोक्याचा भोंगा बोंबलायला लागला तरी साडभाऊ हलले नाहीत. जेवले ते उभ्याने. सायकलवाला परत चक्कर मारून गेला, त्याला त्यांनी रामराम केला. अंधार पडला की आत जाऊ असा त्यांचा विचार होता, पण त्या मुलखात उन्हाळ्यात दिवस मावळायचं नावच घेत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या गाडीतला एक म्हातारा खिडकीतून बराच वेळ पाहत होता. तो शेवटी खाली उतरला आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. बोलणार तरी कुठल्या भाषेत? दोघे म्हातारे तळ्याकडे पाहत उभे. ताई फोनवर हसत हसत सांगत होत्या आणि सांगता सांगता एकदम म्हणाल्या, "भाऊ, त्याईची माय आठवली मले."

ती गोष्ट मला थोडीफार ठाऊक होती. साडभाऊंचे आईबाप दर वर्षी बैलबंडी घेऊन ऊसतोडीला जात. साडभाऊ तेव्हा लहान. एका संध्याकाळी वाटेतल्या कुठल्याशा गावी, तिथल्या माणसाला विचारून, त्यांनी मुक्काम मांडला. चूल पेटली, पहिली भाकरी तव्यावर पडली आणि तेवढ्यात दुसराच कुणी आला, उठा म्हणाला आणि पायाने चुलीचा एक दगड उडवला. बापाने बैल जुंपले. आईने पदराने तापलेला तवा धरला आणि त्यावरच्या भाकरीसकट ती बंडीमागे चालू लागली. एका अंगाने भाजलेली, दुसऱ्या अंगाने कच्ची अशी ती भाकरी साडभाऊंनी चालत्या बंडीत खाल्ली. आईने स्वतः काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही आणि तेच त्यांना सलतं. हे कळल्यापासून माझी बायको त्यांना चुलीपाशी येऊ देते. लोकांनी म्हणावं अडेलतट्टू. असल्या संध्याकाळीनंतरही जो माणूस विचारूनच बसतो, आणि दुसऱ्याला बसू देतो, त्याला मी तरी दुसरा शब्द शोधीन.

दुसऱ्या दिवशी साडभाऊंनी ॲपवर बहिष्कार टाकला. वाटेत कोबीचं वावर दिसलं, आणि कोबी दिसली म्हटल्यावर त्यांना परमुलूख वाटेना. गाडी थांबवायला लावून ते शेतातल्या घरापाशी गेले. एक म्हातारी बाहेर आली. साडभाऊंनी हात जोडले, गाडी दाखवली, ताई दाखवल्या, गालाखाली तळवा ठेवून मान कलती केली. जावई मागून धावत येईपर्यंत बाईने झाडाखालची जागा दाखवलीसुद्धा होती! वर आतून दोन खुर्च्या आणून तिने स्वतःच्या हाताने मांडल्या. सकाळी निघताना मात्र पेच पडला. धनगर मुक्काम करतात तेव्हा मेंढ्यांचं खत वावरात राहतं, ती मालकाची भेट. आपण काय ठेवायचं? साडभाऊंनी खूप विचार करून गाडीच्या संडासाची टाकी सुचवली. लेक किंचाळली. ती टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची असते आणि त्यात औषध घातलेलं असतं, हे समजावता समजावता जावयाला घाम फुटला. शेवटी साडभाऊंनी कोबीच्या दोन लांब ओळी निंदून दिल्या आणि शिंदीची झाडणी बाईला भेट दिली.

ज्या दिवशी ताईंनी मला तळ्याची हकीकत सांगितली त्याच दिवशी मी रिठद रस्त्याने गेलो, तर कडुनिंबाखाली सिमेंटचे खांब रोवणं चाललेलं. बाप तिकडे तळ्याकाठी उभा राहिला आणि पोराने इकडे खांब उभे केले! मी त्याला तोंडावर झापलं. तो म्हणाला, "काका, आल्यावर पाह्यतीनच ना ते. एकदा झालेलं कोनी पाडते काय?" त्याचा हिशेब तसा चुकीचा नव्हता, फक्त तो आपल्या बापाचा विसरला होता.

साडभाऊ परत आले त्या दिवशी मीही तिथे होतो. नागपूरहून आलेली गाडी घरापर्यंत गेलीच नाही, फाटकापाशीच थांबली. नवं लोखंडी फाटक, निळा रंग, मोठं कुलूप. साडभाऊंनी ते खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता आकाशपाताळ एक करणार म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पण ते शांतपणे पोराकडे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "मालक, रातच्यापुरता मुक्काम करू काय?"

पोराचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"नाई म्हन. जातो मी पुढं. पन ईचारल्याबिगर मी बसत नाई, तुले माह्यीत हाय."

"बाबा, असं काहून करता..." एवढंच तो म्हणाला आणि मान खाली घातली. साडभाऊंनी त्याचा अर्थ 'हौ' असा घेतला. फाटकाबाहेरची जागा त्यांनी कडुनिंबाच्या डहाळीने झाडली, बाटलीतलं पाणी शिंपडलं, तीन दगड मांडले. ताई त्यांच्यावर आयुष्यभर वैतागलेली बाई, पण लेकीने घेऊन दिलेल्या पांढऱ्या बुटांसकट त्या तिथेच फतकल मारून बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "जाय वं, पीठ आन." रस्त्यावरच्या जीपा थांबू लागल्या. पोराने कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं, "बाबा, आत चला ना" म्हणाला. साडभाऊ म्हणाले, "चूल पेटली. आता सकाळी." सकाळी ते उठले तेव्हा फाटकाची दारं खांबांवरून उतरवलेली होती. पोराने रात्रीच बिजागऱ्या काढल्या होत्या. ती निळी दारं आता दोडक्याच्या मांडवाला लावली आहेत आणि दोडके काय लागतात म्हणून सांगू!

ही गोष्ट मागची. या दिवाळीनंतर एका सकाळी मी रिठदहून परत येत होतो. कडुनिंबाखाली ऊसतोडीची कुटुंबं उतरली होती आणि त्यांना न्यायला आलेला ट्रक हॉर्न वाजवत होता. मुकादम ओरडत होता, "उठा, चला, भरा सामान, उशीर होऊन राह्यला!" सगळे उठले होते, एका चुलीपाशी एक बाई तेवढी बसली होती आणि तिच्या तव्यावर भाकरी होती. ट्रकच्या पुढे, अगदी नाकासमोर, साडभाऊ हात मागे बांधून उभे होते.

"बुढेबा, सरका ना बाजूले," मुकादम म्हणाला. "कायले आडवे येऊन राह्यले?"

"मी कुठं काय म्हनलं? उभा हावो फक्त," साडभाऊ म्हणाले. "उभं राह्याले कुठंच मनाई नसते. जर्मनीत ईचारून आलो मी."

मी जवळ गेलो तेव्हा दिसलं की त्यांचे पाय आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. एक हात मागे बांधलेला नव्हता, तो ट्रकला धरलेला होता. पोरगा घरातून खुर्ची घेऊन आला आणि कुणाला काही न विचारता ती त्यांच्यामागे ठेवली. "बसा बाबा," तो म्हणाला. साडभाऊंनी मान हलवली. "बसलो तं हा गाडी काढीन." मग पोराने खुर्ची तिथेच सोडली आणि तो बापाशेजारी येऊन, ट्रककडे तोंड करून, उभा राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. साडभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त मला हळूच विचारलं, "भाऊ, उलटली काय तिनं?"

मी पाहिलं. बाईने भाकरी उलटली होती, आता ती विस्तवाला लावत होती.

"फुगून राह्यली, साडभाऊ," मी म्हणालो.